ईश्वरप्पानं शर्ट का पिळला?

आधीच सांगून टाकते, ईश्वरप्पा मेला का जिवंत आहे या विषयावर मी कुणाशी बोलत नाही. एकदा दाढ दाखवायला गेले तर दातांच्या डॉक्टरनं मला आ करायला लावलं आणि हळूच विचारलं, "बाई, तुम्हाला आतलं माहीत असंल. तो भूत हाय ना?" त्याची दोन बोटं माझ्या तोंडात होती. चावलेच असते, पण दाढ लई ठणकत होती.

ईश्वरप्पा म्हणजे खरा माणूस नाही, चित्रातला. आमच्या लातूरला 'डबल बेल' नावाचं चित्रकथांचं मासिक छापून निघतं. त्यात कंडक्टर उमाशंकर आणि ड्रायव्हर ईश्वरप्पा अशी एसटीतली जोडी. दर महिन्याला एक गाडी आणि एक भानगड. माहूरच्या गाडीत देवीचं मंगळसूत्र चोरणारा सापडतो, मुखेडच्या गाडीतून बाजारच्या दिवशी बोकड गायब होतो, बिलोलीच्या गाडीतून तर एकदा नवरदेवच पळवला होता. उमाशंकर डोकं चालवतो. ईश्वरप्पा गाडी चालवतो, मार खातो आणि जेवायच्या वेळी सगळ्यात आधी डबा उघडतो. लोकांचा जीव ईश्वरप्पावरच जास्त.

गोष्ट लिहितात आमचे हे, बापूसाहेब. चित्रं काढतात नांदेडचे नासिरभाई. आणि नासिरभाईंची बायको सालेहा ही माझी मैत्रीण. मैत्रीण हा शब्दसुद्धा कमीच पडतो. आम्ही नांदेडला इतवाऱ्यात भाड्यानं राहायचो तेव्हा त्यांची आमची भिंत एक. हे पाटबंधारे खात्यात कारकून, नासिरभाई दुकानांच्या पाट्या रंगवायचे, आणि संध्याकाळी दोघं ओट्यावर बसून 'डबल बेल'च्या गोष्टी रचायचे. माझी मृण्मयी दोन महिन्यांची असताना मला टायफॉइड झाला. तेव्हा सालेहानं तिला आपल्या उजमाबरोबर अंगावर पाजलं. एका बाजूला उजमा, एका बाजूला मृण्मयी. मी तापात पडल्या पडल्या दारातून बघायची आणि मला वाटायचं, आता आपण मेलो तरी पोरीची काळजी नाही.

मग यांची बदली लातूरला झाली. काम मात्र थांबलं नाही. हे फोनवर गोष्ट सांगायचे, नासिरभाई त्याची चित्रं काढून एसटीच्या पार्सलनं पाठवायचे, आणि चित्रं बघून हे त्यातल्या लोकांच्या तोंडी बोलणं लिहायचे. म्हणजे चित्र आधी, शब्द मागून. त्यात दोघांनी एक नियम केला होता. शेवटचं पान नासिरभाईंचं. त्या पानावर काय घडणार हे यांना आधी सांगायचं नाही, आणि यांनीही विचारायचं नाही. पार्सल उघडायचं, चित्र बघायचं आणि सुचंल तसं बोलणं लिहून छापखान्यात द्यायचं. "नासिरनं टाकलेला चेंडू मला बघता आला पाहिजे," असं हे मोठ्या तोऱ्यात म्हणायचे. या नियमानंच आमचं वाटोळं केलं.

तो गोदावरीचा अंक. गुंड उमाशंकरची तिकिटाची पेटी पुलावरून नदीत फेकतो. ईश्वरप्पा गाडी थांबवतो आणि खाकी शर्टासकट पुलावरून उडी मारतो. इथपर्यंत दोघांचं ठरलेलं. पुढं शेवटचं पान, तीन उभी चित्रं, शेजारी शेजारी. एकात ईश्वरप्पा काठावर उभा राहून अंगातल्या शर्टाचं टोक पिळतोय. मधल्यात तो छातीएवढ्या पाण्यात. तिसऱ्यात पाण्यावर नुसता एक हात.

मला तो दिवस अजून आठवतो. यांनी पार्सल उघडलं, पान बघितलं आणि खुर्चीवर बसूनच राहिले. मी चहा आणला तर म्हणाले, "कुसुम, नासिरनं ईश्वरप्पाला मारलं." मी म्हटलं, फोन करा की. तर म्हणे, नाही, नियम आहे. तीन दिवस हे धड जेवले नाहीत. शेवटी लिहिलं. काठावरचा ईश्वरप्पा म्हणतो, "मास्तर, पेटी खालीच राहिली. तिच्याबिगर तुमची नोकरी जाईल." पाण्यातला म्हणतो, "आलोच." आणि नुसत्या हाताजवळ काहीच नाही. छापखान्यातली माणसं रडली म्हणतात.

अंक निघाला आणि नासिरभाईंचा फोन आला. मी इकडं पोळ्या लाटत होते, मला एकाच बाजूचं ऐकू येत होतं. "मी मारलं? तू मारलंस! मी या डोळ्यांनी बघितलंय!" असं हे ओरडत होते. नासिरभाईंचं म्हणणं, मी त्याला जिवंत काढला होता, तू मारलास. यांचं म्हणणं, मारून वर खोटं बोलतोस. फोन आपटला तो आपटलाच.

मासिक बंद पडायला पाहिजे होतं, पण दोघंही हट्टी. पार्सल येत राहिलं. गोष्टीचा सांगावा छापखान्याच्या माणसामार्फत जायचा. आणि नासिरभाईंनी काय करावं? पुढच्या अंकात ईश्वरप्पाला स्टेअरिंगवर बसवला! त्यांच्या लेखी तो मेलाच नव्हता ना. यांनी चित्र बघितलं आणि दात-ओठ खाल्ले. चित्र बदलता येत नाही, पण शब्द यांच्या हातात. यांनी ईश्वरप्पाला एक शब्द दिला नाही. त्याच्याशी कुणाला बोलू दिलं नाही. वीस-बावीस वर्षं झाली, दर महिन्याला ईश्वरप्पा गाडी चालवतो, मार खातो, डबा उघडतो, आणि कुणी त्याला 'जेवलास का' म्हणत नाही. उमाशंकर डबल बेल देतो, गाडी निघते, जशी काही आपली आपणच.

वाचणाऱ्यांनी बिचाऱ्यांनी काय समजायचं? त्यांच्यात दोन तट पडले. लातूरवाले म्हणतात तो भूत आहे, फक्त वाचणाऱ्याला दिसतो. त्यांचा म्होरक्या राघवेंद्र, बँकेत साहेब आहे, बोलतो असा की समोर कर्ज मागणारा बसलाय. नांदेडवाले म्हणतात तो जिवंत आहे. त्यांचा म्होरक्या शारिक, मोबाईलचं दुकान आहे त्याचं. शारिकचा एकच मुद्दा, "परत पाण्यात जाणारा माणूस शर्ट पिळतो का, सांगा!" आणि राघवेंद्र म्हणतो, "तो मनाची तयारी करून राहिला होता." मुखेडच्या एका हेडमास्तरांचा तिसराच पंथ, तो ईश्वरप्पाचा जुळा भाऊ आहे म्हणे. यावर व्हॉट्सअपवर गट आहेत, भांडणं आहेत, एक सोयरीक मोडल्याचंही ऐकलंय. मूळ माणसांना विचारावं तर नासिरभाई म्हणायचे, "मी जिवंत काढला, पुढचं बापूला विचारा." आणि हे म्हणायचे, "चित्रं मी काढत नाही."

मला त्या मेल्या ईश्वरप्पाचं काही नव्हतं. माझी सालेहा गेली होती. उजमाच्या लग्नाची पत्रिका आम्हाला आली नाही, मृण्मयीच्या लग्नाची आम्ही धाडली नाही. एका दुधावर वाढलेल्या पोरी, एकमेकींच्या हळदीला नाहीत! फोन केला नाही असं नाही. "कशी हायेस?" "बरी हाय." पुढं काय बोलणार? नवरे एकमेकाला खुनी म्हणत असले की बायकांचं बोलणं भाजीच्या भावावर येऊन थांबतं. उरलं होतं ते एकच. नांदेडहून पार्सल यायचं ते जुन्या कापडात शिवलेलं असायचं, आणि तो टाका सालेहाचा. मी तो हळूच उसवायची. टाका बारीक असला की समजायचं तिचं बरं चाललंय. मोठे, वाकडे टाके आले की माझं त्या दिवशी कशात लक्ष लागायचं नाही.

आणि या वर्षी एक दिवस हे म्हणाले, "पुढचा अंक शेवटचा. बास झालं."

मासिक बंद म्हणजे पार्सल बंद. पार्सल बंद म्हणजे त्या घराशी उरलेला तेवढा दोराही तुटला. मी चिडले, भांडले, दोन दिवस यांच्या ताटात मुद्दाम दोडका वाढला. पण हे ऐकतील तर ना.

बंद होणार ही बातमी फुटली आणि गटांमध्ये आकांत झाला. शेवटी शारिक आणि राघवेंद्रनं एक गोष्ट मिळून केली. नांदेडला एका क्लासचा हॉल घेऊन सभा ठरवली. विषय एकच, ईश्वरप्पा. लेखक आणि चित्रकार दोघंही हजर पाहिजेत. हे म्हणाले, मी येत नाही. मी म्हटलं, "तुम्ही येऊ नका. मी जाते, आणि माईकवर सांगते की घाबरून घरी बसलेत." सकाळच्या नांदेड गाडीत माझ्या शेजारी बसले होते, खिडकीकडं तोंड करून.

हॉल भरला होता. पोरं, बाया, डोक्याचे केस गेलेले बाप्ये, सगळ्यांच्या हातात जुने अंक. पुढं एका बाजूला नासिरभाई बसलेले, दाढी पांढरी झालेली. हे दुसऱ्या बाजूला जाऊन बसले. मधे चार खुर्च्या रिकाम्या, आणि त्यातून दोघंही समोर बघतायत. म्हातारपणी शोभतं का हे? मी मागं वळले तर शेवटच्या रांगेत सालेहा.

काय सांगू! तीही म्हातारी झाली होती. बारीक झाली होती. मी जवळ गेले तेव्हा तिनं नुसती शेजारच्या खुर्चीवरची पिशवी उचलून मांडीवर घेतली. मी बसले. ती म्हणाली, "उजमाला दुसरा पोरगा झाला." मी म्हटलं, "मृण्मयीला पोरगी." तिनं माझा हात धरला आणि सोडलाच नाही. तिचा हात गार होता.

पुढं राघवेंद्र उभा राहिला. पडद्यावर ते शेवटचं पान मोठं करून दाखवलं. हातात काठी. "चित्र पहिलं. ईश्वरप्पा काठावर. इथं तो मृत्यूचा निर्णय घेतो." शारिक उठून ओरडला, "अरे पण शर्ट पिळून राहिलाय ना तो! निर्णय घेणारा माणूस कपडे वाळवंल का?" मुखेडचे हेडमास्तर म्हणाले, "माझं ऐका, काठावरचा जुळा भाऊ हाय. पाण्यातला वेगळा." मागून कुणीतरी म्हणालं, "मास्तर, बसा हो खाली!"

राघवेंद्र पुढं बोलतच होता. "चित्र दुसरं. तो पाण्यात शिरतो..."

सालेहा माझ्या कानाशी आली. "कुसुमताई, हा पोरगा उलटं कामून वाचून राहिला?"

"उलटं कसं?"

"उलटंच की. हात, मग छाती, मग काठ." तिनं हवेत बोट धरलं आणि पडद्याच्या उजव्या बाजूकडून डाव्या बाजूला नेलं. "पुलावरून उडी मारली तर माणूस आधी बुडंल. मग मुंडी वर काढंल. मग काठाला लागंल, शर्ट पिळंल. आता याच्यात भांडायसारखं काय हाय?"

मी म्हटलं, "अगं, पण उजवीकडून कशाला वाचायचं?"

"मग कुठून वाचू? माझी शाळा उर्दूची. मी तर तसंच काढलं होतं."

"तू? तू काढलंस?"

तिनं जीभ चावली. मग माझ्या हाताला घट्ट धरून सांगायला लागली. तेव्हा नांदेडात डोळ्यांची साथ होती. नासिरभाईंचे डोळे आले, सुजून बंद झाले, पट्टी बांधून पडले होते. बाकीची पानं झालेली, हे एक पान राहिलं, आणि छापखान्याची तारीख जवळ आलेली. त्यांनी पडल्या पडल्या सांगितलं, ईश्वरप्पा बुडतो आणि वर येतो, तीन चित्रात काढ. लग्नाआधी ती मेंदीची नक्षी काढायची, हात चांगला होता तिचा. काढलं, शिवलं, पाठवलं. नासिरभाई म्हणाले, बापूला सांगू नको, माझ्या डोळ्यांची उगा काळजी करंल. तिनं नाही सांगितलं. अंक छापून आला तेव्हा तिनं पान बघितलं, तिच्या नजरेनं ते बरोबरच होतं. ईश्वरप्पा बाहेर आलेला. मराठी ती बोलते फाडफाड, पण अक्षरं तिला वाचता येत नव्हती, त्यामुळं यांनी त्याच्या तोंडात काय घातलंय हे तिला कळलंच नाही.

"अगं बये," मी म्हटलं, "एवढी वर्षं बोलली कशी नाहीस?"

"मला कुणी विचारलंच न्हाई," सालेहा म्हणाली. "हे म्हणाले बापूनं दगा केला. मला वाटलं, मर्दांचं काही पैशाबिशाचं असंल."

आता तीस वर्षं मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरं वळली आहेत. माझा आवाज अजून शाबूत आहे. मी उभी राहिले आणि ओरडले, "गप्प बसा सगळे! एकदम गप्प!"

राघवेंद्रची काठी हवेतच राहिली. मी सालेहाला ओढतच पुढं नेलं. ती "नको, नको गं" म्हणत होती, पदर सावरत होती. मी राघवेंद्रच्या हातातली काठी काढून तिच्या हातात दिली आणि म्हटलं, "हे पान नासिरभाईंनी काढलेलं नाही. हिनं काढलंय. आता हिलाच वाचू द्या."

सालेहानं एकदा नासिरभाईंकडं बघितलं. मग काठी उजव्या चित्रावर ठेवली. "हा बुडाला." काठी मधे आणली. "हा वर आला." मग डावीकडं नेली. "हा काठाला लागला. शर्ट ओला झाला म्हणून पिळून राहिला. माणूस बाहेर आल्यावर पिळणारच ना."

मग शारिकनं स्वतःच्या कपाळावर फाडकन हात मारला. "या अल्ला! माझी दादी असंच वाचायची! मी रोज बघितलं आन मला सुचलं न्हाई!" आणि मग जो गलका झाला! शिट्ट्या, टाळ्या, नांदेडची पोरं खुर्च्यांवर चढली. राघवेंद्र पडद्यापाशी जाऊन एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून बघत होता आणि म्हणत होता, "पण म्हणजे... बाहेरच आला की हो!" हरला होता, पण तोंडभर हसत होता. मुखेडच्या हेडमास्तरांनी मला येऊन विचारलं, "बाई, मग जुळा भाऊ?" मी म्हटलं, "नव्हता हो कधी." "अरेरे," म्हणाले आणि दुःखानं खाली बसले.

मी मात्र या दोघांकडं बघत होते. त्या गोंधळात दोघंच बसून होते. नासिरभाईंनी चष्मा काढला होता. पहिल्यांदा तेच बोलले, समोर बघतच.

"बापू, मी समजलो तू माझं पान कापलं आन उलटं चिकटवलं."

"मी?" हे म्हणाले. "मी तुझ्या चित्राला कात्री लावीन?"

"आन मी ईश्वरप्पाला मारीन?"

हे उठले. आमचे बापूसाहेब कुणापुढं लवकर उठणारे नव्हेत, पण उठले, आणि त्या चार रिकाम्या खुर्च्या ओलांडून पलीकडं जाऊन बसले. "नासिर, त्याचं ते बोलणं लिहायला मला तीन दिवस लागले रे. घास उतरत नव्हता."

"मी वाचलं ना ते. डोळ्यांची पट्टी सोडली आन आधी तेच वाचलं," नासिरभाई म्हणाले. "लई रडलो. रडतच तुला फोन लावला होता."

"तू तर शिव्या देत होतास."

"रडतच देत होतो."

आणि मग दोन म्हातारे शेजारी शेजारी बसून डोळे पुसायला लागले. मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं. एकाच माणसाचं सुतक दोघांनी दोन गावांत वेगवेगळं पाळलं होतं, आणि तो माणूस ठणठणीत! इतक्या वर्षांचा छातीवरचा दगड उतरला माझ्या. खरं सांगते, मला त्या क्षणी अंगानं हलकं वाटलं, पायातली दुखणी थांबल्यासारखं.

संध्याकाळची लातूरची गाडी होती आमची. पण सालेहा म्हणाली, आधी घरी. इतवाऱ्यातलं तेच घर. आमच्या जुन्या खोल्यांत आता शिवणकामाचं दुकान आहे. ओट्यावर फरशी बसवलीय. सालेहानं खट्टी दाळ टाकली, मी भाकरीला बसले. उजमाला व्हिडिओ फोन लावला, तिनं मृण्मयीला जोडून घेतलं, आणि दोघी आपापली पोरं एकमेकींना दाखवत एवढ्या मोठ्यानं ओरडत होत्या की मला फोन परातीतच ठेवावा लागला. सालेहा मधेच थांबली. म्हणाली, "त्याच्या तोंडात काय लिहिलं होतं, सांग ना एकदा." मी सांगितलं, पेटी खाली राहिली, नोकरी जाईल, आलोच. "मी बाहेर काढलेल्या माणसाला बापूभाईंनी परत आत धाडला," म्हणाली आणि हसत सुटली. हसता हसता तिला ठसका लागला, मी पाठीवर थापट्या मारल्या.

बाहेर ओट्यावर दोघांचं भांडण सुरू झालं होतं. घाबरू नका, जुन्यासारखं, चांगलं भांडण. मासिक बंद करायचं नाही हे न बोलताच ठरलं होतं. आता प्रश्न वेगळा. ईश्वरप्पा इतकी वर्षं मुका होता, तर पुढच्या अंकात तो पहिला शब्द काय बोलणार? हे म्हणत होते, त्यानं एक पानभर बोलावं, सगळं सगळं सांगावं, पाण्यात काय झालं, मन किती दुखलं. नासिरभाई म्हणत होते, "अरे ड्रायव्हर हाय तो, कीर्तनकार हाय का? एक शिवी देऊ दे उमाशंकरला, बास." हे म्हणाले, शिवी देईल तर वाचणाऱ्याला वाटंल रागावलाय. नासिरभाई म्हणाले, रागावणारच ना, कुणी बोललं का त्याच्याशी?

"अहो, गाडी निघून जाईल," मी दारातून म्हटलं.

"जाऊ दे," हे म्हणाले. मी बघितलं तर पँट खुंटीला आणि अंगात नासिरभाईंची लुंगी. केव्हा बदलली देवाला माहीत. मी तोंडानं "काय बाई माणूस" म्हटलं, पण मला तेवढंच पाहिजे होतं.

सालेहा दाळीचं पातेलं घेऊन बाहेर आली. दोघं एकदम तिच्याकडं वळले. हे म्हणाले, "भाभी, तुम्ही सांगा. तुमचा माणूस हाय तो. काय बोलंल?"

तिला असं कधी कुणी विचारलं नव्हतं. ती पातेलं हातात धरून उभी राहिली. पदरानं कपाळ पुसलं. मी म्हटलं, पातेलं तर खाली ठेव, पोळंल. तिनं ठेवलं.

"काय बोलंल," सालेहा म्हणाली. "उमाशंकर म्हणंल, अरे तू कुठं होतास? तर म्हणंल, मास्तर, कुठं जाऊ? मी इथंच होतो की. तुम्हीच बोलत नव्हतात."

यांनी मान खाली घातली. नासिरभाई दाढीवरून हात फिरवत राहिले. आणि मला काय झालं कुणास ठाऊक, मी सालेहाच्या गळ्यात पडून ओक्साबोक्शी रडले. शेजारच्या दुकानातली पोरगी मशीन थांबवून बघत होती. बघू दे म्हटलं. सालेहा माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणत होती, "जेव आधी, कुसुमताई. दाळ गार होऊन राहिली."